पाटामागे गेलेले सासवडकर

देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पिंपरीमार्गे पुण्याकडे जाते, तेव्हा वाकड, थेरगाव, काळेवाडीतली बरीच मंडळी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर दर्शनाला उभी असतात. पुढचा प्रवास मात्र आपण टीव्हीवर पाहतो : लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज. अकलूज सोडलं की माळीनगरला उभं रिंगण होतं.

हे माळीनगर जरा कोड्यात टाकतं. माळशिरस तालुक्यातली जुनी गावं म्हणजे नातेपुते, वेळापूर, अकलूज. त्यांत हे ‘नगर’ कुठून आलं? तिथल्या साखर कारखान्याचं नाव तर आणखी चक्रावणारं आहे : दि सासवड माळी शुगर फॅक्टरी. सासवड इकडे पुण्याजवळ, दिवे घाट चढून गेल्यावर. ते माउलींच्या पालखीच्या वाटेवरचं गाव. तुकोबांची पालखी तिकडे फिरकतही नाही. मग सासवडचं नाव सव्वाशे किलोमीटर लांब, नीरा खोऱ्यात कसं जाऊन बसलं?

आपल्याकडे कस्पटे वस्ती, भूमकर चौक, विनोदे वस्ती म्हटलं की तिथली जमीन मूळ कुणाची ते न सांगता कळतं. माळीनगरचं उलट आहे. ते नाव जमीनमालकांचं नाही, बाहेरून येऊन जमीन कसणाऱ्यांचं आहे. कोपरगाव-श्रीरामपूरकडेही गिरमे, बोरावके, रासकर अशी घराणी भेटतात आणि मूळ गाव विचारलं की सासवड सांगतात. श्रीरामपुरात रयत शिक्षण संस्थेचं जे कॉलेज आहे, तेही रावबहादूर नारायणराव बोरावके यांच्या नावाचं. इंग्रजी अमलात साधारण अर्धशतकभर सासवडची माळी कुटुंबं एकेका नव्या कालव्याच्या मागोमाग सरकत गेली, त्याच्या या खुणा.

पाणी आलं, गिऱ्हाईक येईना

सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस पाहता पाहता आटतो. भोरकडे धो धो कोसळणारा पाऊस बारामती-इंदापुरात चार सरींवर येतो. या पट्ट्यात १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली आणि तो वणवा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. सरकारनं कालव्यांची कामं नेटानं हाती घेतली ती या पार्श्वभूमीवर. १८७९ पर्यंत खडकवासल्याचं धरण उभं राहिलं आणि मुठा कालवा हडपसर, मांजरीकडे वाहू लागला. १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा सुरू झाला. त्याला भाटघरच्या धरणाचं पाणी मिळणार होतं.

पाणी आलं, पण ते घ्यायला फारसं कुणी पुढे येईना. सरकारी अहवालांत शेतकऱ्याच्या ‘आळसा’वर बोट ठेवलेलं दिसतं. मला ते पटत नाही. शेतकऱ्याचा हिशेब चोख होता.

नीरा खोऱ्यातली जमीन बहुतांशी काळी, खोल. एकदा परतीचा पाऊस झाला की ती महिनोन्‌महिने ओल धरते आणि त्या ओलीवर शाळू निघतो. बऱ्या वर्षी पाटाच्या पाण्याची गरजच पडत नाही. वर, काळ्या जमिनीला पाणी लावलं की ती ‘बिघडते’ अशी जुन्या लोकांची धारणा होती. ती किती खरी होती ते पुढे दिसलंच. तेव्हा शेतकरी पाणी मागायचा तो फक्त दुष्काळी सालात, आणि त्याच सालात धरणात पाणी कमी असायचं.

वाकड-हिंजवडीत मेस चालवणाऱ्या बाईंना हे लगेच समजेल. घरी स्वयंपाक झाला नाही त्याच दिवशी उगवणाऱ्या गिऱ्हाइकावर मेस चालत नाही. भाडं, गॅस, पोळ्यावाल्या बायकांचा पगार रोजचा असतो. महिन्याचं कार्ड काढणारी, दोन वेळा न चुकता जेवणारी गिऱ्हाइकं लागतात. कालव्याचंही तसंच. त्यावर सरकारनं कर्ज काढून पैसा घातला होता. त्याचं व्याज दरसाल भरावं लागे. जोंधळा-बाजरीच्या पाणीपट्टीतून ते निघेना. बाराही महिने पाणी पिणारं आणि चढी पाणीपट्टी सोसणारं पीक हवं होतं. असं पीक एकच होतं, ऊस.

दुष्काळात जोंधळा वाचवण्यासाठी म्हणून काढलेला कालवा उसाशिवाय परवडेनासा झाला, तो असा. उसाला किती पाणी द्यावं याचे आजचे वाद आपण अलीकडच्या राजकारणाच्या माथी मारतो. त्यांचं मूळ पाटबंधारे खात्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या जमाखर्चात आहे.

ऊस कुणाच्या आवाक्यातला?

उसाचं गणित जोंधळ्यापेक्षा अगदी निराळं. आडसाली ऊस आषाढ-श्रावणात लावला तर तुटायला सोळा-अठरा महिने लागतात. तोवर हातात दमडी येत नाही आणि खर्च मात्र पहिल्या दिवसापासून. खोल नांगरट, बेणं, गाडीच्या गाड्या खत, खुरपणी, बांधणी, दर आठ-दहा दिवसांनी पाण्याची पाळी. दारे धरायला रात्री-अपरात्री माणूस उभा हवा. शेवटी गुऱ्हाळ : चरक, काहील, बैल, डझनभर माणसं.

कर्जबाजारी कोरडवाहू शेतकऱ्याकडे हे भांडवल नव्हतं. जमिनीचीही शकलं झालेली होती. याचा उत्तम पुरावा आपल्या अगदी शेजारचा आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी वाकडला लागून असलेल्या पिंपळे सौदागरचा घरोघर अभ्यास केला आणि १९१७ मध्ये तो छापला. भारतातल्या अशा पहिल्या ग्रामपाहण्यांत त्याची गणना होते. १७७१ मध्ये त्या गावात सरासरी खातं ४० एकरांचं होतं. १९१४-१५ पर्यंत ते ७ एकरांवर आलं होतं. १५६ खातेदार आणि जमिनीचे तुकडे ७२९. त्यांतले ४६३ एकराच्या आतले, ११२ तर पाव एकराहूनही लहान. गावात पाट नव्हता, पण खडकीचा दारूगोळा कारखाना हाकेच्या अंतरावर होता आणि मजुरीची ती वाट खुली होती. नीरा खोऱ्यातल्या शेतकऱ्याजवळ असा कारखाना नव्हता. त्याच्या बांधावरून पाणी वाहत होतं आणि ते वापरायला लागणारा पैसा खिशात नव्हता.

सासवडच का?

सासवड कऱ्हेकाठचं. कऱ्हा म्हणजे काही बारमाही नदी नव्हे, म्हणून तिथल्या माळ्यांची बागायत विहिरींवर. मोटेचं पाणी बैलांच्या घामानं वर येतं, त्यामुळे ते वाया घालवून चालत नाही. कुठल्या वाफ्याला किती, कधी, हे हातात बसलेलं. पुण्याची बाजारपेठ एका घाटापलीकडे, तेव्हा नगदी पिकाची, आडत्याची, भावाच्या चढउताराची सवयही पिढीजात. भाजी, मळे, थोडा ऊस, गूळ असं सगळं त्यांना येत होतं. वाढत्या कुटुंबांना पुरेल इतकं पाणी तेवढं नव्हतं.

नीरेच्या डाव्या कालव्याचं मुख वीर गावी आहे, आणि वीर पुरंदर तालुक्यातलंच. पण सासवड उंचावर, कऱ्हेच्या बाजूला. पाणी तालुक्यातून निघायचं आणि पूर्वेला बारामतीकडे वाहून जायचं. ते वर चढवणं त्या काळी शक्य नव्हतं. मग माणसंच पाण्यामागे उतरली.

पाटाच्या पाण्यावर शेती कशी करायची याचा धडा मुठा कालव्यावर आधीच सुरू झाला होता. खुद्द जोतीराव फुले मांजरीला शेती करत होते. त्यांचं घराणं पुरंदरमधल्या खानवडीचं. बांधकामाची कंत्राटं घेतल्यामुळे पाटबंधारे खात्याचा कारभार त्यांनी जवळून पाहिला होता. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पाणीपट्टी घेऊन वेळेवर पाणी न देणाऱ्या खात्यावर त्यांनी कोरडे ओढले आहेत. कालवा चांगला की वाईट हा त्यांचा प्रश्न नव्हताच. पाणी कुणाच्या हातात, हा होता.

हडपसर-मांजरीच्या मळ्यांत आणखी एक गोष्ट रुळली, सोनखत. पुणे नगरपालिका शहरातला मैला राखेत कुजवून विकायची. आधी लोकांनी नाकं मुरडली, पण उसाची वाढ पाहिल्यावर मागणी वाढली. बारामतीकडे सोनखत पोचणं अवघड, म्हणून पेंड आणि शेणखत, शिवाय धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवणं. ‘पाणी दिलं की ऊस येतो’ असं मानणाऱ्याला उसानं नेहमीच बुडवलं आहे. खताशिवाय पाणी म्हणजे नुसती उंच हिरवळ.

खंडानं घेतलेलं रान

सासवडकरांना सरकारनं जमीन दिली नाही. हा मुद्दा महत्त्वाचा, कारण त्याच सुमारास पंजाबात नेमकं उलट चाललं होतं. चिनाब, झेलमच्या कालव्यांनी तिथली ‘बार’ म्हणवणारी ओसाड सरकारी माळरानं भिजली. सरकारनं ती आखून चौकोन पाडले, गावांना ‘चक’ म्हणून नंबर दिले आणि पूर्व पंजाबातून निवडून आणलेल्या शेतकऱ्यांना वाटली. भगतसिंगांचा जन्म ल्यालपूरजवळच्या अशाच चक नंबर १०५ मधला. तिथला वसाहतकरी सरकारचा देणेकरी असे आणि झाडं लावण्यापासून वारसाहक्कापर्यंतच्या अटींखाली राहत असे. १९०७ चं ‘पगडी संभाल जट्टा’ आंदोलन त्या अटींविरुद्धच पेटलं.

दख्खनमध्ये ओसाड सरकारी जमीन नव्हती. प्रत्येक शेताला मालक होता, सातबाऱ्याच्या पूर्वजात त्याचं नाव होतं. त्यामुळे इथला व्यवहार खाजगी : ठरावीक वर्षांसाठी, रोख खंडानं. सासवडकर शेजारशेजारच्या चार-सहा मालकांशी बोलणी करायचे, त्यांचे तुकडे एकत्र जोडून सलग रान तयार करायचे, बांध सारखे करायचे, चाऱ्या काढायचे. मालकाला जोंधळ्यातून सुटलं असतं त्याहून जास्त पैसे हातावर पडत आणि जोखीम सगळी दुसऱ्याची. रान मालकाचं, ऊस सासवडकराचा, मजूर गावातले दलित आणि नगरकडच्या दुष्काळी भागातून आलेले. या कहाणीत मजुरांची आडनावं कुठल्याच पाटीवर आली नाहीत, हेही नोंदवून ठेवायला हवं.

याच सुमारास मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यात पुण्याला होते. खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांसाठी ते सर्वांना ठाऊक आहेत. नीरा कालव्यावरची त्यांची ‘ब्लॉक’ पद्धत मात्र फारशी कुणाच्या लक्षात नाही. गावोगाव विखुरलेल्या उसाला पाणी पोचवताना वाटेत फार मुरतं. त्याऐवजी ठरावीक क्षेत्राचा एक ब्लॉक आखायचा, त्यातला साधारण तिसरा हिस्सा उसाला, उरलेला इतर पिकांना, दरसाल फेरपालट करायची आणि सहा वर्षं पाण्याची हमी द्यायची. हमी हा यातला कळीचा शब्द. पाटाचं पाणी पुढल्या वर्षी मिळेल की नाही याची खात्री नसेल तर आडत्या उचल देत नाही. सहा वर्षांचा पाण्याचा कागद हातात आला की उचलही मिळते आणि मालकाशी तेवढ्याच मुदतीचा करारही करता येतो.

मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर १८३४ पासून हिंदुस्थानातली माणसं गिरमिटावर जात होती, त्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. पीक तेच, साम्राज्य तेच. पण कोकणातला माणूस अंगमेहनत विकायला गेला आणि सासवडचा माणूस भांडवल घेऊन उतरला. पुढच्या पिढ्यांत जो फरक दिसतो तो बराचसा यातून आला.

गुऱ्हाळावर

तेव्हाचा ऊस म्हणजे पुंड्या. जाड, मऊ, रसाळ आणि कोल्ह्यांचा लाडका, म्हणून राखण जास्त. तोडलेला ऊस त्याच दिवशी चरकात जायला हवा, नाहीतर रस आंबतो आणि गूळ बसत नाही. बैल फिरत असतात, रस काहिलीत पडतो, खाली चुलाणात आदल्या गाळपाची वाळलेली चिपाडं जळत असतात. रस उकळू लागला की भेंडीच्या खोडांचा चिकट रस घालतात. त्यासरशी मळी वर येते आणि झाऱ्यानं काढून टाकतात. पुढचं सगळं गुळव्याच्या डोळ्यांवर. तो पाक थंड पाण्यात टाकून पाहतो. बोटांत धरून गोळी झाली की काहील उतरवा. दोन मिनिटं आधी उतरवली तर ढेप पाझरते, दोन मिनिटं उशीर झाला तर गूळ काळा पडतो आणि पुण्याच्या पेठेत भाव उतरतो. अठरा महिन्यांचा खर्च त्या काहिलीत उकळत असतो, म्हणून चांगल्या गुळव्याला लोक लांबून बोलावून नेत.

बारामती गुळाची मोठी पेठ झाली ती यातून.

> चौकट : पाण्यामागची वाट
> मुठा कालवा (खडकवासला, १८७९) : हडपसर, मांजरीचे मळे, पाटावरच्या उसाचे पहिले धडे.
> नीरा डावा कालवा (१८८५) : वीरपासून बारामती, इंदापूरकडे. सासवडकरांची पहिली मोठी वस्ती.
> गोदावरी कालवे (दारणा धरण, १९१६) : कोपरगाव परिसर.
> प्रवरा कालवे (भंडारदरा धरण, १९२६) : बेलापूर रोड, म्हणजे आजचं श्रीरामपूर.
> नीरा उजवा कालवा (भाटघरचं नवं धरण, १९२८) : माळशिरस तालुका, माळीनगर.

जमीन बिघडते म्हणजे काय होतं?

जुन्या शेतकऱ्यांची भीती निराधार नव्हती. काळ्या जमिनीत पाणी मुरतं, पण खाली सहजी झिरपून जात नाही. वर्षानुवर्षं पाणी देत राहिलं की जमिनीखालची पाण्याची पातळी हळूहळू वर येते. पिकाच्या मुळांशी पोचली की मुळं कुजतात. आणखी वर आली की उन्हानं पाणी उडून जातं आणि त्यात विरघळलेले क्षार मागे, पृष्ठभागावर साचतात. जमीन पांढरी दिसू लागते, चोपण होते. तिच्यात मग ऊस सोडा, शाळूही धड येत नाही.

नीरा डाव्या कालव्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतच हे ठळकपणे दिसू लागलं. सरकारनं १९१६ मध्ये पाणीवापर सुधारण्यासाठी खास पाटबंधारे विभाग काढला. अभियंते क्लॉड इंग्लिस यांनी दख्खनच्या कालव्यांवर पाणी मुरण्याचा आणि चर खोदून ते काढून देण्याचा अभ्यास केला. त्याच विभागातून पुढे खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्र वाढलं. धरणांच्या प्रतिकृतींसाठी जगभर ओळखली जाणारी ही संस्था मुळात पाणी कसं वापरावं या प्रश्नातून जन्मली.

खंडानं जमीन कसणाऱ्याला यात दोष द्यायचा का? काही अंशी द्यावा लागेल. मुदत संपली की निघून जाणारा माणूस पाणी सढळ हातानं देतो आणि चोपण मालकाच्या पदरी पडतं. पण हेही खरं, की पुढे मालकांनी स्वतः ऊस लावला तेव्हा त्यांनीही हात आखडता घेतला नाही. पाणीपट्टी एकरावर होती, पाण्याच्या मापावर नव्हती. एकदा सात नंबरचा फॉर्म भरून मंजुरी मिळाली की पाळीला मिळेल तितकं पाणी घ्यायचं, ही सवय त्या आकारणीनंच लावली.

गुळावरून साखरेवर

मालक काही कायम बांधावर बसून पाहत राहिले नाहीत. आपल्याच रानात दुसरा माणूस ऊस कसा काढतो हे त्यांनी रोज पाहिलं. अडचण भांडवलाची होती. १९११ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या मध्यवर्ती सहकारी बँकेनं नीरा कालव्यावरच्या ऊसवाल्यांना कर्ज देणं हे सुरुवातीपासून आपलं मुख्य काम मानलं आणि बारामतीला शाखा काढली. सोसायटीतून पीककर्ज मिळू लागलं तसे मराठा शेतकरी स्वतः ऊस लावू लागले. करार संपलेली रानं परत जाऊ लागली. सासवडकर नव्या कालव्याकडे सरकले. काही कुटुंबं होती तिथंच थांबली आणि त्यांनी जमिनी विकत घेतल्या.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले. १९३२ मध्ये सरकारनं परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि देशभर साखर कारखान्यांचं पेव फुटलं. दख्खनच्या कालव्यांवर बेलापूर कंपनीचा हरेगावचा कारखाना आधीच चालू होता. आता वालचंदनगर, टिळकनगर, साकरवाडी उभे राहिले. बहुतेकांमागे मुंबईचं भांडवल. त्याच १९३२ मध्ये सासवडच्या माळी बागायतदारांनी आपापसांत शेअर काढून माळशिरस तालुक्यात स्वतःचा कारखाना स्थापन केला आणि त्याभोवती वसलेलं गाव म्हणजे माळीनगर. ती सहकारी संस्था नव्हती, मर्यादित कंपनीच होती. पण भागधारक, ऊस पिकवणारे आणि कारभारी एकाच गोतावळ्यातले. याच वर्षी पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र निघालं आणि पुढच्या काही वर्षांत को ४१९ या जातीनं पुंड्याला शेतातून हद्दपार केलं.

शेतकरी कारखाना चालवू शकतो हे माळीनगरनं दाखवलं होतं. डिसेंबर १९४५ मध्ये बेलापूरला दख्खन कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली, अध्यक्ष अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. तिथून पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रयत्नांनी १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या सहकारी कारखान्यानं गाळप सुरू केलं. सहकाराच्या इतिहासात प्रवरानगरला मान आहे तो योग्यच आहे. त्याआधीच्या माळीनगरचा उल्लेख मात्र एखाद्या तळटीपेत उरकला जातो. ते एका जातीचं, एका गावच्या लोकांचं आणि कंपनी कायद्याखालचं होतं, म्हणून सहकाराच्या गौरवगाथेत ते नीट बसत नाही, असं मला वाटतं.

खंडकरी

कारखाने आल्यावर खंडाचा व्यवहारही मोठा झाला. साखर कंपन्यांनी शेकडो मालकांकडून हजारो एकर जमीन दीर्घ मुदतीनं घेतली. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला तेव्हा या कंपन्यांच्या ताब्यातली जमीन सरकारनं काढून घेतली आणि १९६३ मध्ये ती कसण्यासाठी महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन केलं. कागदोपत्री जमीनदार ठरलेले मूळ मालक प्रत्यक्षात बहुधा छोटे शेतकरी होते. त्यांची जमीन कंपनीकडून थेट महामंडळाकडे गेली आणि त्यांना ‘खंडकरी’ हे नाव कायमचं चिकटलं. हरेगाव, टिळकनगर, वालचंदनगरच्या परिसरात खंडकऱ्यांनी मोर्चे, उपोषणं, कोर्टकचेऱ्या असं सगळं करून पाहिलं. जमीन परत मिळायला २०१२ नंतर सुरुवात झाली. आजोबांनी ठरावीक मुदतीसाठी म्हणून दिलेलं रान नातवांच्या सातबाऱ्यावर चढलं.